विद्यापीठांना परदेशी सरकारांचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे अर्ज, शिष्यवृत्तीची पत्रं आणि करारनामे मी गेली बरीच वर्षं वाचून देते. मुलं आणि त्यांचे आईवडील फी, व्हिसा, राहणं याबद्दल विचारतातच. पण अलीकडे एक वेगळा प्रश्न वारंवार येतो: "त्या विद्यापीठात अमुक देशाचा पैसा आहे म्हणे, मग तिथे जावं का?" फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

परदेशी सरकार विद्यापीठाला पैसा देतं म्हणजे नेमकं काय करतं?

सगळ्यात जुना प्रकार अध्यासनाचा. सरकार किंवा सरकारच्या जवळची एखादी संस्था मोठी ठेव ठेवते, तिच्या व्याजातून एका प्राध्यापकाचा पगार निघतो आणि अध्यासनाला त्या देशातल्या थोर माणसाचं नाव मिळतं. दुसरा प्रकार भाषाकेंद्राचा. शिक्षक, पुस्तकं आणि थोडे पैसे तो देश पाठवतो, जागा विद्यापीठ देतं. तिसरा प्रकार सगळ्यात खर्चिक: नावाजलेलं विद्यापीठ शाखा म्हणून आपल्या देशात आणायचं आणि इमारतीपासून पगारापर्यंत सगळा भार उचलायचा. याशिवाय संशोधनाची कंत्राटं, सरकारी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणवर्ग आणि शिष्यवृत्त्या आहेतच.

हे सगळं सहसा कायदेशीर असतं आणि फोटोसकट जाहीरही होतं. करार मात्र क्वचितच जाहीर होतो, आणि माझी सगळी तक्रार तिथे आहे.

त्यांना यातून काय मिळतं?

ओळख, मान आणि उद्याचे मित्र. १९७३ मध्ये जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका यांनी अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांना प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले. आपला देश समजणारी माणसं अमेरिकेत तयार व्हावीत ही गरज जपानची होती, आणि त्यात गैर काही नव्हतं.

अडचण सुरू होते ती मिंधेपणापासून. हा आपल्या भाषेतला अगदी नेमका शब्द आहे. मिंध्या माणसाला कुणी धमकावत नाही, "हे लिहू नकोस" असंही सांगत नाही. पण पुढच्या वर्षी निधीचं नूतनीकरण आहे हे विभागप्रमुखाला ठाऊक असतं. मग एखादा वक्ता बोलावायचा राहून जातो, एखाद्या विद्यार्थ्याला विषय बदलायला सुचवलं जातं. खाल्ल्या मिठाला जागण्याची ही रीत घरात चांगली. विद्यापीठात ती घातक ठरते.

म्हणजे असा पैसा वाईटच?

नाही, आणि मराठी वाचकाने तर असं मुळीच म्हणू नये. रेशनच्या दुकानातला अमेरिकेचा लाल गहू घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली येत असे आणि त्याची किंमत आपलं सरकार रुपयांत भरत असे. तो रुपया भारतातच खर्च होणार होता. त्यातल्या काही रकमेतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने, १९६२ पासून दिल्लीतल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यात मराठी पुस्तकंही होती. आज तिकडच्या मोठ्या ग्रंथालयांत जुनी मराठी पुस्तकं नीट जपलेली सापडतात, त्याचं एक मूळ या गव्हाच्या पैशात आहे.

त्यामागचा हेतू काही निर्मळ साहित्यप्रेमाचा नव्हता. १९५८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा केला आणि परदेशी भाषा शिकवणाऱ्या केंद्रांना सरकारी निधी दिला, तो शीतयुद्धाच्या गरजेपोटी. पण त्याच काळात आणि त्याच वातावरणात एलिनॉर झेलियट यांच्यासारखी अभ्यासक घडली. त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये प्रबंध पूर्ण केला. त्या कामावाचून आपल्याच इतिहासाचं आपलं आकलन अपुरं राहिलं असतं. त्यामुळे पैसा कुठून आला एवढ्यावर मी निकाल देत नाही. शिक्षक कोण नेमतो, विषय कोण ठरवतो आणि कराराचा कागद कुणाला वाचता येतो, एवढं मी विचारते.

दबाव प्रत्यक्षात कसा दिसतो? पुरावा कधी सापडतो का?

फार क्वचित. पण एकदा तो चक्क टपालाने आला.

१९९० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांना तुर्कस्तानच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूताचं पत्र मिळालं. लिफ्टन यांनी नाझी डॉक्टरांवरच्या आपल्या पुस्तकात आर्मेनियन वंशसंहाराचा, म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा, उल्लेख केला होता. तुर्कस्तान तिला वंशसंहार मानत नाही, म्हणून राजदूताने हरकत घेतली होती. इथवर काही विशेष नाही. पण त्या पाकिटात चुकून आणखी दोन कागद राहून गेले होते. एक होता राजदूतासाठी लिहून दिलेला पत्राचा कच्चा मसुदा. दुसरं होतं तो मसुदा करणाऱ्याने राजदूताला लिहिलेलं टिपण, त्या पुस्तकाला उत्तर कसं द्यावं हे समजावणारं. लिहिणारे होते हीथ लॉरी, वॉशिंग्टनच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ टर्किश स्टडीज'चे प्रमुख. ती संस्था १९८२ मध्ये तुर्की सरकारच्या निधीतून उभी राहिली होती. पुढे लॉरी प्रिन्स्टन विद्यापीठात तुर्की सरकारच्या देणगीतून स्थापन झालेल्या अतातुर्क अध्यासनावर प्राध्यापक झाले. लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते तिन्ही कागद छापले आणि मोठा गदारोळ झाला.

याच संस्थेची पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २००६ मध्ये तिच्या मंडळाचे अध्यक्ष, इतिहासकार डोनाल्ड क्वाटर्ट यांनी लिहिलं की १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांचं काय झालं याचा अभ्यासकांनी सरळ शोध घ्यायला हवा. त्यानंतर त्यांना पद सोडावं लागलं. तुर्की राजदूताकडून दबाव आल्याचं त्यांनी सांगितलं, दूतावासाने ते नाकारलं. आयुष्यभर ऑटोमन इतिहास शिकवलेल्या माणसाला एका वाक्यासाठी खुर्ची सोडावी लागते, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटचं एवढं काय झालं?

चीन सरकारने २००४ पासून जगभरच्या विद्यापीठांत चिनी भाषेची ही केंद्रं काढली. पहिलं सोलमध्ये, आणि अमेरिकेतलं पहिलं त्याच वर्षी मेरीलँड विद्यापीठात. कारभार बीजिंगमधल्या 'हानबान' या सरकारी कार्यालयाकडे होता. पुण्याच्या वाचकांना इथे मॅक्समुल्लर भवन आठवेल. तेही जर्मन सरकारच्या पैशावर चालतं, मग फरक काय? फरक जागेचा आहे. मॅक्समुल्लर भवन स्वतःच्या वास्तूत, स्वतःच्या नावाने चालतं. तिथे शिकवलं जातं त्याची जबाबदारी रानडे इन्स्टिट्यूटवर किंवा पुणे विद्यापीठावर येत नाही. कन्फ्युशियस केंद्रं मात्र विद्यापीठाच्या आत, बहुधा त्याच्याच नावासोबत चालायची. शिक्षक चीनमधून निवडून येत, आणि केंद्राने चीनच्या कायद्यांना बाध येऊ देऊ नये असं हानबानच्या नियमावलीत लिहिलेलं होतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१३ मध्ये आपलं केंद्र बंद केलं, कारण तिथल्या एका शिक्षिकेने सांगितलं की तिच्या नोकरीच्या करारात, चीनमध्ये बंदी असलेल्या फालुन गाँग पंथाच्या लोकांना मज्जाव होता. कॅनडाच्या भूमीवर, कॅनडाच्या विद्यापीठात, श्रद्धेवरून नोकरी नाकारली जात होती.

पण चीनच्या अभ्यासकांना खरी जाग आली ती पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात. जुलै २०१४ मध्ये तिथे चीनविषयक अभ्यासाच्या युरोपीय संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. कार्यक्रमपत्रिका छापून तयार होती. तिच्यात प्रायोजक म्हणून तैवानच्या च्यांग चिंग-क्वो फाउंडेशनचं नाव होतं. हानबानच्या प्रमुख शू लिन यांना ते खपलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून पत्रिका ताब्यात घेतल्या गेल्या, तैवानी संस्थेचा उल्लेख असलेली पानं फाडली गेली आणि मग त्या अभ्यासकांच्या हाती दिल्या गेल्या. शेकडो प्राध्यापक फाटलेली पत्रिका घेऊन सभागृहात बसले होते. संघटनेचे अध्यक्ष रॉजर ग्रेटरेक्स यांनी जाहीर निषेध केला. त्याच वर्षी शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट या विद्यापीठांनी आपली केंद्रं बंद केली.

पुढे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये ९० करार तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांत गोपनीयतेची अट होती. सिनेटच्या एका उपसमितीला त्याच वर्षी आढळलं की हानबानने २००६ पासून अमेरिकी शाळा-विद्यापीठांना १५.८ कोटी डॉलरहून अधिक दिले होते, आणि कायद्याने नोंद करायला हवी होती अशा संस्थांपैकी सुमारे ७० टक्के संस्थांनी ती केलीच नव्हती. जी विद्यापीठं केंद्र ठेवतील त्यांना संरक्षण खात्याचा चिनी भाषेसाठीचा निधी मिळणार नाही, असा कायदा २०१८ मध्येच झाला होता. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत सुमारे शंभर केंद्रं होती, २०२३ पर्यंत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

आपल्याकडे अशी केंद्रं होती का?

होती. मुंबई विद्यापीठातही होतं. गलवाननंतर, २०२० च्या उन्हाळ्यात, शिक्षण मंत्रालयाने अशा केंद्रांचा आणि चिनी संस्थांशी झालेल्या ५४ सामंजस्य करारांचा आढावा घेण्याचं ठरवलं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परदेशी भाषांच्या यादीत चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणातून ती गळली. मला हे पटलं नाही. शेजाऱ्याची भाषा येणारी माणसं आपल्याला जास्तच लागणार आहेत, आणि ती तयार करण्याचा खर्च आपण स्वतः केला असता तर हा प्रश्नच उरला नसता.

दोह्यात अमेरिकी पदवी मिळते म्हणतात. ती खरी असते का?

पदवी खरीच असते. कतारची राजधानी दोह्याच्या एज्युकेशन सिटीत, सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या कतार फाउंडेशनच्या खर्चाने सहा अमेरिकी विद्यापीठांच्या शाखा आल्या: व्हर्जिनिया कॉमनवेल्थ १९९८ मध्ये, कॉर्नेलचं वैद्यकीय महाविद्यालय २००१, टेक्सस ए अँड एम २००३, कार्नेगी मेलन २००४, जॉर्जटाउन २००५ आणि नॉर्थवेस्टर्न २००८. अमेरिकेतल्या नोंदींत कतार मोठा देणगीदार दिसतो त्याचं एक कारण हेच. त्यातला बराच पैसा दोह्यातच खर्च होतो. "कतारने अमेरिकी विद्यापीठं विकत घेतली" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर एवढं लक्षात ठेवा.

तरी प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२० मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या दोहा शाखेत लेबनॉनच्या मश्रू लैला या बँडसोबत चर्चेचा कार्यक्रम होता. बँडचा गायक उघडपणे समलिंगी आहे. विरोध सुरू झाला आणि कार्यक्रम रद्द होऊन अमेरिकेतल्या आवारात हलवला गेला. विद्यापीठाने कारण दिलं सुरक्षेचं. कतार फाउंडेशनने मात्र स्पष्ट सांगितलं की कार्यक्रम इथल्या कायद्यांत आणि रूढींत बसत नव्हता. एकाच घटनेची दोन कारणं दिली गेली, आणि मला विद्यापीठापेक्षा फाउंडेशनचं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं.

अबू धाबीतही असंच घडलं. न्यूयॉर्क विद्यापीठाची शाखा तिथे २०१० पासून आहे. याच विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू रॉस अमिरातीतल्या स्थलांतरित मजुरांवर काम करत होते. मार्च २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांना सांगण्यात आलं की अमिरातीत त्यांना प्रवेश नाही. ते मजूर कोण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यात भारतीयांची संख्या प्रचंड आहे. आपल्या माणसांच्या हालअपेष्टांवर लिहिणारा माणूस स्वतःच्याच विद्यापीठाच्या शाखेत जाऊ शकत नाही आणि विद्यापीठ फारसं काही करू शकत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते.

सगळेच अशा शाखा चालू ठेवतात असंही नाही. टेक्सस ए अँड एमच्या नियामक मंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सात विरुद्ध एक मतांनी दोह्यातली शाखा २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलं. जॉर्जटाउनने मात्र २०२५ मध्ये करार आणखी दहा वर्षांनी वाढवला.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि गद्दाफी हे काय प्रकरण होतं?

बाबासाहेब जिथे शिकले तीच ही संस्था, म्हणून हा प्रश्न मराठी घरांतून हमखास येतो. लिबियाच्या मुअम्मर गद्दाफीचा मुलगा सैफ अल-इस्लाम याला तिथून २००८ मध्ये पीएचडी मिळाली. त्यानंतर त्याच्याच फाउंडेशनने संस्थेला पाच वर्षांत १५ लाख पौंड द्यायचं कबूल केलं. त्यातले तीन लाख पोहोचले. शिवाय लिबियाच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचं मोठं कंत्राट होतं.

ऑक्टोबर २००९ मध्ये, देणगीवर शिक्कामोर्तब होत असताना, तिथले निवृत्त प्राध्यापक फ्रेड हॅलिडे यांनी संस्थेला लेखी विरोध कळवला. अरब देशांवर आयुष्य घालवलेला हा माणूस होता, अरबी जाणणारा. या राजवटीचे सुधारणेचे दावे वरवरचे आहेत, असा इशारा त्यांनी दिला. त्यांचं कुणी ऐकलं नाही. एप्रिल २०१० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियात उठाव झाला, सैफ दूरदर्शनवर आंदोलकांना धमकावताना जगाने पाहिला, आणि ३ मार्च २०११ रोजी संस्थेचे संचालक हॉवर्ड डेव्हिस यांनी राजीनामा दिला. लॉर्ड वुल्फ यांच्या चौकशी अहवालात नोव्हेंबरमध्ये संस्थेच्या चुकांची मालिकाच पुढे आली. पदवी मात्र लंडन विद्यापीठाने काढून घेतली नाही.

कुणी कधी पैसे परत केले आहेत का?

केले आहेत. हार्वर्डच्या धर्मशास्त्र विभागाला २००० मध्ये अमिरातीचे अध्यक्ष शेख झायेद यांनी २५ लाख डॉलर दिले होते, इस्लामच्या अभ्यासाच्या अध्यासनासाठी. अबू धाबीत त्यांच्याच नावाच्या एका केंद्रात ज्यूंच्या संहाराला नाकारणारे वक्ते येत असल्याचं हार्वर्डच्या एका विद्यार्थिनीने शोधून काढलं, कागदपत्रं जमवली आणि विभागापुढे ठेवली. केंद्र २००३ मध्ये बंद झालं, देणगी २००४ मध्ये परत गेली. हे सगळं एका विद्यार्थिनीच्या चिकाटीमुळे झालं.

अमेरिकेत याबद्दल कायदा काय सांगतो?

उच्च शिक्षण कायद्याचं कलम ११७, १९८६ पासून. एका परदेशी स्रोताकडून एका वर्षात अडीच लाख डॉलर किंवा जास्त आले, देणगी असो वा कंत्राट, तर विद्यापीठाने सरकारला कळवायचं. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला. मनाई कशालाच नाही, फक्त सांगायचं. तरीही कित्येक वर्षं कुणी विचारलं नाही आणि अनेकांनी सांगितलं नाही. २०१९ मध्ये चौकश्या सुरू झाल्यावर आधी न कळवलेले साडेसहाशे कोटी डॉलर उघड झाले, असं शिक्षण खात्याच्या २०२० च्या अहवालात म्हटलं होतं. मर्यादा ५० हजार डॉलरवर आणणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२३ आणि २०२५ मध्ये मंजूर केलं आहे.

मग कडक चौकशी व्हायलाच हवी ना?

पैशांची हवी, माणसांच्या वंशाची नको. २०१८ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने 'चायना इनिशिएटिव्ह' सुरू केला. त्यात हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांनी वुहानच्या विद्यापीठाकडून मिळणारा पैसा लपवल्याचं सिद्ध झालं. पण त्याच मोहिमेत एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली आणि वर्षभराने सगळे आरोप मागे घ्यावे लागले. कितीतरी चिनी वंशाच्या संशोधकांची झोप उडाली. २०२२ मध्ये ती मोहीम गुंडाळली गेली. आपली मुलं तिकडच्या प्रयोगशाळांत आहेत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर होती, सगळ्या देशांत पहिली. आज दुसऱ्यावर आलेला संशय उद्या आपल्यावर येऊ शकतो.

भारतात परदेशी पैशावर नियंत्रण आहे का?

आहे आणि कडक आहे. परकीय योगदान नियमन कायदा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीने असा सगळा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

पण नवीन प्रश्न आता आपल्याच दारात आला आहे. यूजीसीने २०२३ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना इथे शाखा काढू दिल्या, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी पाच विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. यॉर्क, ॲबर्डीन आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही त्यातली नावं. त्या नियमांत एक अट आहे: भारताच्या राष्ट्रीय हिताला बाधा येईल असा अभ्यासक्रम चालवता येणार नाही. राष्ट्रीय हित कोण ठरवणार? दोह्याबद्दल आपण जे विचारतो ते तिकडची माणसं उद्या नवी मुंबईबद्दल विचारतील, आणि विचारायलाच हवं.

मुलगी पुढच्या वर्षी जाते आहे. आम्ही काय बघावं?

इंजिनिअरिंग किंवा अकाउंट्सच्या पदवीसाठी जात असेल तर फार काळजी करू नका. इतिहास, राज्यशास्त्र, पत्रकारिता, धर्म, कामगारविषयक अभ्यास किंवा संशोधन असेल तर शिष्यवृत्तीचं पत्र नीट वाचा, शेवटच्या पानापर्यंत. माझ्याकडे एका मुलाने आणलेल्या पत्रात सातव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की प्रबंध प्रसिद्ध करण्यापूर्वी मसुदा प्रायोजकाला दाखवावा लागेल आणि "योग्य त्या सूचना" पाळाव्या लागतील. त्याने त्यावर सही करायची तयारी केली होती. आम्ही विद्यापीठाला लिहिलं, ओळ काढता येईल का म्हणून. तीन आठवड्यांनी ती काढलेलं नवीन पत्र आलं. बहुतेक जण विचारत नाहीत म्हणून अशा ओळी राहून जातात.

मार्गदर्शकाचा पगार कुठल्या निधीतून येतो हे मार्गदर्शकालाच विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

विद्यापीठाकडे करार मागितला तर देतात?

अमेरिकेतलं सरकारी विद्यापीठ असेल तर त्या राज्याच्या माहितीच्या कायद्याखाली कुणालाही अर्ज करता येतो, काही राज्यांत मात्र तिथला रहिवासी असावं लागतं. खासगी विद्यापीठाला हा कायदा लागू नाही. तिथे फक्त शिक्षण खात्याकडच्या कलम ११७ च्या नोंदी पाहता येतात, त्यात देश आणि रक्कम कळते. ब्रिटनमध्ये विद्यापीठांना माहितीचा कायदा लागू आहे. आपल्याकडे सरकारी विद्यापीठांना माहितीचा अधिकार लागू आहे.

उत्तर सहजासहजी येत नाही. टेक्सस ए अँड एम हे सरकारी विद्यापीठ. तिथे एका संस्थेने कतारच्या निधीचे कागद मागितले, तेव्हा २०१८ मध्ये ते दिले जाऊ नयेत म्हणून खुद्द कतार फाउंडेशन टेक्ससच्या न्यायालयात गेलं. अर्ज करायचा असेल तर करारासोबत त्याची सगळी परिशिष्टंही मागा. नेमणुकीच्या आणि नूतनीकरणाच्या अटी बहुधा तिथेच असतात.